उलट्या बाजूची धूळ

१

सोमवार हा धुण्याचा दिवस. मेक्सिकोत त्यांच्या जर्मन बोलणाऱ्या पंथाची वसाहत होती, तिथे नेटाच्या आईचा तो होता, आजीचाही होता. इथे अमेरिकेत, कॅन्ससच्या सपाट मुलखात तिच्या दोरीवर काय वाळतंय हे बघायला शेजारपाजार नव्हता, तरी नेटाने सोमवार मोडला नव्हता.

तिचा नवरा आब्राम उजाडायच्या आत निघून जायचा. गावाबाहेर गुरांचे मोठमोठे वाडे होते. विकण्याआधी गुरं तिथे आणून खाऊ घालून जाड करायची. आब्राम तिथे चाऱ्याचा ट्रक चालवी. परत यायचा तो दिवे लागल्यावर, बुटांना शेण आणि डोळ्यांत झोप घेऊन. मधला सगळा दिवस नेटा आणि तिची लेक सुशा. सुशाला अजून वर्ष व्हायचं होतं.

नेटाला इंग्रजी येत नव्हतं. वसाहतीच्या शाळेत सातवीपर्यंत ती शिकली ती जर्मन अक्षरं, आकडे आणि प्रार्थना. दुकानात गेली की बोटाने दाखवायची. त्यामुळे दिवसभर तोंड उघडायचं ते सुशाशी, नाहीतर भट्टीशी.

भट्टी तळघरात होती, कपडे धुवायच्या यंत्राला लागून. घर गरम करायचं काम तिचं. आधी टक्‌ असा आवाज, मग गॅस पेटल्याचा सुस्कारा, मग पंख्याची घरघर, आणि मग जमिनीतल्या जाळ्यांतून गरम हवा खोल्यांत वर येई. खोल्यांमधल्या बोळातल्या भिंतीत एक मोठी जाळी होती, तिच्यातून घरातली हवा परत खाली ओढली जाई. टक्‌ झालं की नेटा स्वयंपाकघरातून म्हणायची, "आलीस का गं?" कुणीतरी दारात आल्यासारखं वाटायचं. कुणी ऐकत नव्हतं म्हणून बरं.

खाली जाणारी हवा भट्टीत शिरायच्या आधी एका गाळणीतून जात असे. पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेला घड्या-घड्यांचा पांढरा कागद, पाव भाजायच्या पत्र्याएवढा. भट्टीच्या कुशीत एक उभी फट होती, तीत तो सरकवायचा. चौकटीवर बाण छापला होता. "बाणाचं तोंड भट्टीकडे," आब्रामने दाखवून ठेवलं होतं, "म्हणजे घरातली धूळ अलीकडच्या बाजूला अडकते आणि पलीकडे स्वच्छ हवा जाते."

या गाळणीवर नेटाचा फार जीव होता, कारण सुशाच्या छातीत शिट्टी वाजायची. श्वास घेताना बारीक, सोडताना लांब. इथला वारा गुरांच्या वाड्यांवरून येतो, वाळलेल्या शेणाची तपकिरी भुकटी घेऊन. खिडकीच्या चौकटीवर सकाळी पुसलं तरी दुपारी बोट उमटतं. पानगळीच्या दिवसांत एकदा पोरीचे ओठ निळे पडले होते. दवाखान्यात एक नर्स होती तिला यांची बोली येत असे. तिने डॉक्टरचं सांगणं जसंच्या तसं सांगितलं होतं: घरातली हवा जपा. पुन्हा असं झालं आणि पोचायला उशीर झाला, तर काही खरं नाही.

तेव्हापासून नेटा श्वास मोजल्यासारखी जगत होती. भांडी घासताना हात थांबवून ऐकायची. पाळणा तिने जमिनीतल्या जाळीशेजारी आणून ठेवला होता, उबेसाठी.

आणि दर सोमवारी ती गाळणी धुवायची. आब्राम म्हणाला होता की मळली की सांग, नवी आणू. पण धुता येण्यासारखी वस्तू टाकून द्यायची हे नेटाच्या घराण्यात कुणी केलं नव्हतं. चादरी झाल्या की त्याच साबणाच्या पाण्यात ती गाळणी हलकेच बुडवायची, मळ सुटेपर्यंत झुलवायची, आणि अंगणात दोरीवर चिमट्यांनी टांगायची. इथल्या वाऱ्यात ती जेवणाआधी वाळायची. कागद जरा फुगला होता, पुठ्ठा मऊ पडला होता, पण चालत होतं.

थंडी पडल्यावरच्या एका सोमवारी तिने गाळणी फटीतून ओढली आणि तशीच हातात धरून उभी राहिली. घराकडची बाजू पांढरी होती, कालच धुतल्यासारखी. धूळ होती ती भट्टीकडच्या बाजूला.

२

"उलटी घातली असशील," आब्राम जेवताना म्हणाला.

"बाण बघून घातली."

"मग काढताना उलटी धरली असशील."

"मला धूळ कळते, आब्राम."

"तुला नाही कळणार तर कुणाला कळणार? तू धुळीच्या मागे लागलीस की धूळच घर सोडून पळते." तो हसला. मग बटाट्यांवर मलई ओतत म्हणाला, "हवा एकाच बाजूने जाते, नेटा. पंखा ओढतो तिकडेच. नदी कधी उलटी वाहते का?"

नेटालाही ते पटलं. ती दमलेली असते, सुशा कडेवर असते, तळघरातला दिवा मिणमिणता. उलटी घातली असेल.

पुढच्या वेळी गाळणी घालण्याआधी तिने शिवणाच्या डब्यातला लाल दोरा काढला आणि घराकडच्या बाजूच्या चौकटीला ओवून गाठ मारली. बाण भट्टीकडे, दोरा आपल्याकडे. सरकवल्यावरही बोट घालून चाचपून पाहिलं. दोरा आपल्याकडेच होता.

सोमवारी काढली तेव्हा दोरा जागच्या जागी होता. त्या बाजूला एक कण नव्हता. पलीकडे मऊ थर बसला होता.

तिने तो बोटाने खरवडला. ही गुरांच्या वाड्याची भुकटी नव्हती. ती भुकटी कोरडी, बोटांना चरचरणारी. हे फिकट करडं होतं, लव असावी तसं, आणि किंचित दमट. तिने नाकाशी नेलं. आपण हे का करतोय असं वाटत असतानाच नेलं.

वास ओळखीचा होता. दूध पिऊन झोपलेल्या पोराच्या मानेच्या वळीत येतो, तो.

अर्थात, पोर घरात आहे, पोराचा वास घरात असणारच, असं ती स्वतःशी म्हणाली. मग गाळणी साबणाच्या पाण्यात बुडवली. लव सुटली, पाण्यावर तरंगली, आणि मोरीतून निघून गेली.

त्याच आठवड्यात सुशाच्या छातीतली शिट्टी थांबली.

३

दवाखान्यात डॉक्टरने सुशाच्या पाठीला नळी लावली, पुढून लावली, परत पाठीला लावली. मग नर्सकडे बघून काहीतरी बोलला.

"ते विचारतायत तुम्ही काय केलंत," नर्स म्हणाली. "छाती एकदम साफ आहे."

"गाळणी धुतली," नेटा म्हणाली. "दर सोमवारी धुते."

नर्सने सांगितलं तसा डॉक्टर हसला. वाईट हसला नाही, पण हसला.

"ते म्हणतात, ती धुवायची नसते, बाई. कागद असतो तो. एकदा ओला झाला की काही अडवत नाही, नुसती चौकट उरते. दर वेळी नवी घालायची."

"पण पोर बरी झाली ना?"

नर्सने तेही विचारलं. डॉक्टरने खांदे उडवले आणि सुशाच्या गालाला बोट लावलं. सुशाने त्याच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

"किती शांत बाळ आहे," नर्स म्हणाली. "इथे आलं की सगळी पोरं घर डोक्यावर घेतात."

नेटाला कोण अभिमान वाटला.

पोर बरी झाली यापुढे धूळ कुठल्या बाजूला बसते याला काय किंमत? तिने आब्रामला परत काही विचारलं नाही. डॉक्टर म्हणाला तरी गाळणी बदलली नाही. ज्याने गुण आला ते का बदलायचं? सोमवार येई, ती फटीत हात घाली, मऊ दमट थर दर वेळी थोडा जाड झालेला असे, आणि ती तो धुऊन टाकी. थर जितका जाड, तितकं सुशाचं अंग हलकं, असं तिला वाटू लागलं. खोकला गेला. मग रात्रीचं ते हुंदकत उठणंही गेलं.

त्यातला एक सोमवार तिच्या लक्षात राहिला. गाळणी पाण्यात झुलवत असताना साबणाला नेहमीपेक्षा जास्त फेस आला. बुडबुडे वर येत होते, फुटत होते, आणि नेटाला कशाने कोण जाणे हसू फुटलं. काही कारण नव्हतं. तळघरात एकटी, कोपरापर्यंत ओली, आणि ती खिदळत होती, लहानपणी बहिणींबरोबर पांघरुणात खिदळायची तशी. पोट दुखेपर्यंत हसली. मग बूच काढलं, फेस घळघळ मोरीत गेला, आणि हसू जसं आलं तसं थांबलं.

नंतर दोरीवर गाळणी टांगताना तिला उगीचच रडावंसं वाटलं. एकटं राहून माणसाचं असं होतं, ती स्वतःशी म्हणाली. वारा जोरात होता. गाळणी दोरीवर फडफडत राहिली.

४

एका रविवारी ग्रेटामावशी आली. मावशी म्हणजे नेटाच्या आईची चुलतबहीण. तासाभराच्या वाटेवर राहायची. बरोबर तिचा नवरा इझाक. रविवार दुपारच्या कॉफीला कुणीतरी आलं याचा नेटाला इतका आनंद झाला की तिने दोन्ही मुरंबे उघडले. टेबलावर एकावर एक गोळे ठेवून भाजलेले दुमजली पाव, चीज, सूर्यफुलाच्या भाजलेल्या बिया.

इझाक बी दाताखाली फोडून टरफल जमिनीवर टाकायला गेला.

"बशीत टाका," मावशी म्हणाली. "आमची नेटा धुणारी बाई आहे. तुम्हालाही धुऊन दोरीवर घालेल."

"घालू दे. एवढ्या वर्षांत तू तर कधी धुतलं नाहीस."

"तुम्हाला धुऊन उरणार काय? टोपी?"

आब्राम कपात तोंड घालून हसला. पुरुष गुरांच्या भावाबद्दल बोलू लागले. मावशीने सुशाला मांडीवर घेतलं.

"ये गं माझ्या लोण्याच्या गोळ्या. मागच्या वेळी ही मला बघून अशी किंचाळली होती, आठवतं? सगळ्यांचे कान फुटले." तिने सुशाच्या तळहातावर बोट फिरवलं, तिथून बोटं चालवत दंडावर, दंडावरून काखेत. वसाहतीतल्या प्रत्येक पोराला हा खेळ माहीत असतो. बोट काखेत पोचायच्या आधीच पोर हसून दुमडतं.

सुशा मावशीच्या बोटाकडे बघत राहिली. बोट काखेत गेलं, गुदगुल्या केल्या, बाहेर आलं. सुशाने मान वळवून खिडकीकडे पाहिलं.

"झोप आलीय वाटतं," मावशी म्हणाली.

"हो, झोपेचीच वेळ आहे," नेटा म्हणाली. नव्हती.

खरंच थोड्या वेळाने सुशा मावशीच्या मांडीवर झोपली. मावशीने आवाज खाली आणला आणि वसाहतीतल्या बातम्या सांगू लागली, कुणाचं लग्न ठरलं, कुणाची गाय गेली. मध्येच थांबली आणि कान टवकारले.

"छाती वाजतेय गं हिची अजून."

नेटानेही ऐकलं. बारीक शिट्टी आत, लांब शिट्टी बाहेर. ती उठून मावशीच्या खुर्चीपाशी वाकली.

सुशाचं तोंड मिटलेलं होतं. छाती वर होत होती, खाली होत होती, पण आवाज नव्हता. शिट्टी खालून येत होती. मावशीच्या पायाशी जमिनीत जाळी होती, तिथून.

मावशीने मांडीवरच्या पोरीकडे पाहिलं, मग जाळीकडे पाहिलं. मग नेटाकडे बघायचं टाळून म्हणाली, "पत्र्याचे नळ असतात ना खाली. थंडीत वाजतात."

"हो," नेटा म्हणाली.

"आमच्याकडेही वाजतात."

मावशीने पाय उचलून खुर्चीच्या दांडीवर ठेवले, आणि जाईपर्यंत ते खाली टेकवले नाहीत.

५

दुसऱ्या दिवशी सोमवार होता, आणि नेटा तळघरात गेली नाही. कपडे तसेच राहिले. तिच्या आयुष्यातला पहिला मोडलेला सोमवार.

नळ वाजतात, हे तिने दिवसभरात किती वेळा म्हटलं असेल. पत्रा तापतो, फुगतो, थंड होतो, आवाज करतो. आब्रामला विचारलं असतं तर त्यानेही हेच सांगितलं असतं. पण नळ वाजतात तर सुशाच्या वेगाने का वाजतात?

मंगळवारी तिच्या हातून भाजायचा जड पत्रा निसटला आणि सुशाच्या अगदी शेजारी लादीवर आदळला. नेटाचे स्वतःचे कान बधिर झाले. सुशा दचकली. अंग दचकलं, हात पसरले, ओठ रडायला वाकडे झाले, चेहरा लाल झाला. तोंड पूर्ण उघडलं.

आवाज आला नाही.

नेटा वाट पाहत राहिली. पोरं कधी कधी रडण्याआधी श्वास धरतात. मग आवाज आला. रडण्याचाच, सुशाचाच, पण दुरून. जमिनीखालून, जाळीतून, विहिरीच्या तळाशी कुणी पडल्यासारखा. समोर सुशाचं तोंड उघडं होतं, गालावर पाणी ओघळत होतं, आणि रडणं खाली चाललं होतं.

तिने पोरीला उराशी घट्ट धरलं. घसा चाचपला, जीभ पाहिली. सगळं जागच्या जागी.

संध्याकाळी आब्रामने सुशाला गुडघ्यावर नाचवलं. "एवढी गुणी पोर मी पाहिली नाही," तो म्हणाला. "कामावरच्या त्या हाइनचं पोर, रात्रभर घर जागं ठेवतं. आणि ही बघ." थोडा वेळ तो नाचवत राहिला. मग त्याचे गुडघे मंद झाले. "नेटा, ही शेवटची हसली कधी गं?"

नेटा ताटं उचलत होती.

"मी घरी नसतो ना," आब्राम म्हणाला. "तू पाहिलं असशील."

नेटाला फेस आठवला. बुडबुडे, आणि आपण एकटीच खिदळत होतो ते. बूच काढल्यावर मोरीत गेलेलं घळघळ पाणी.

६

सकाळी आब्राम गेल्यावर तिने सुशाला पाळण्यात ठेवलं आणि तळघराच्या पायऱ्या उतरली. वरच्या छोट्या खिडकीतून फिकट ऊन येत होतं. भट्टी बंद होती. बाहेर जरा उबारा होता, त्यामुळे ती पेटत नव्हती, पंखा थांबलेला होता. हवा कुठे जात नव्हती की येत नव्हती.

फटीतून गाळणीची कड दिसत होती. मऊ पडलेला पुठ्ठा, त्यात लाल दोऱ्याची गाठ.

दोरा हलत होता. आपल्याकडे झुकायचा, मग आत ओढला जायचा. परत आपल्याकडे. नेटाने तळहात जवळ नेला. हाताला ऊब लागली. मग ऊब गेली. मग लागली.

आपण परत वर जावं, आब्राम येईपर्यंत थांबावं, त्याने बघावं, असं तिच्या मनात आलं. पण आब्राम येईल, हसेल, ही जुनी झाली म्हणेल, आणि गाळणी अंगणातल्या कचरा जाळायच्या पिंपात टाकेल. तिने चौकट धरली आणि ओढली.

ती आली नाही. अडकली नव्हती, पलीकडून कुणीतरी धरली होती. जोराने नाही. घास भरवून झाल्यावर पोर चमचा तोंडात धरून ठेवतं आणि सोडत नाही, तेवढीच ओढ.

"सोड गं," नेटाच्या तोंडून गेलं. तिलाही कळलं नाही ती कुणाशी बोलली.

सुटली. बोटभर बाहेर आली, आणि फट रुंद झाली तसं खिडकीतलं ऊन तिरपं आत गेलं. पलीकडच्या बाजूला लव इतकी साचली होती की घड्या दिसत नव्हत्या. करडी, ओलसर, गोलसर. मध्ये एक खळगा होता. खळगा मिटला. उघडला. खालची कड जरा पुढे आली, डावीकडे वळली, उजवीकडे वळली, शोधत असल्यासारखी.

नेटाला किंचाळायचं होतं. पण त्याआधीच तिच्या छातीत दूध दाटून आलं आणि झग्याच्या पुढच्या बाजूला दोन ओले डाग पसरले. ते तिला विचारून झालं नाही. अंगाने ओळखलं होतं.

ती हललीच नाही. वर पाळण्यात एक पोर होतं, साफ छातीचं, निरोगी, मुकं. त्याला तसंच राहू दिलं तर त्याचे ओठ पुन्हा कधी निळे पडणार नाहीत. हे ती जाणून होती. आब्राम खूश राहील, डॉक्टर खांदे उडवेल. दर सोमवारी थोडं थोडं धुतलं जाईल, आणि मग एका सोमवारी वर पाळण्यात काय उरलेलं असेल, हेही ती जाणून होती.

तिने डोळे मिटले, गाळणी पुरी बाहेर काढली, आणि अंगापासून दूर धरून हातातल्या हातात फिरवली. मिटलेल्या डोळ्यांनी चौकट चाचपली. बाण आपल्याकडे, लाल दोरा भट्टीकडे. फटीत सरकवताना मनगटाला काहीतरी ओलं, मऊ घासून गेलं. ती पायऱ्यांवर जाऊन बसली आणि वाट बघू लागली. भिंतीवरचं उष्णतेचं बटण वरच होतं, बोळात. ते वाढवायला जायची तिच्यात ताकद नव्हती. तिने प्रार्थना म्हटली, शाळेत शिकलेली, अर्धी विसरलेली.

टक्‌.

गॅसचा सुस्कारा. पंखा. पत्र्यातून हवा धावत वर गेली.

आधी काही नाही. मग वर, पाळण्यात, सुशा खोकली. एकदा, दोनदा, कोरडा, आतडी पिळवटणारा खोकला. मग शिट्टी. आणि मग रडणं, घर डोक्यावर घेणारं, घसा फाटेस्तोवर रडणं, सुशाच्या स्वतःच्या तोंडातून.

नेटा चार पायांवर पायऱ्या चढली.

७

आब्रामने शेवटी नवी गाळणी आणली. जुनी काढून उजेडात धरली, मागून-पुढून पाहिली. "हिच्यावर तर काहीच नाही," तो म्हणाला. "दोन्ही बाजूंनी कोरी." आणि पिंपात टाकली. नवीचा बाण भट्टीकडे आहे. धूळ अलीकडे बसते, तपकिरी, चरचरीत, गुरांच्या वाड्याची. नेटा ती धूत नाही. मळली की देते.

जाळीपाशी आता पाळणा नसतो. सुशाला वाफेचं यंत्र लागतं, सकाळी आणि संध्याकाळी. तिच्या छातीत शिट्टी वाजते, ती रात्रीची हुंदकत उठते, पडली की सगळ्या घराला ऐकू जाईल असं रडते. आब्रामचे डोळे खोल गेलेत. "बरी झाली होती की गं," तो एकदा म्हणाला. "काय झालं मध्येच?"

सुशाकडे परत आलेलं सगळं त्या शेवटच्या आठवड्याचं होतं, जे धुतलं गेलं नव्हतं. आधीचं मोरीतून गेलं. आणि मोरीतून जे गेलं नाही ते दोरीवर, वाऱ्यात.

सुशा हसत नाही. मावशी येते, तळहातावरून बोट चालवत नेते, काखेत पोचते. सुशा बोटाकडे बघते. मावशी आता खेळ लवकर आवरते आणि पाय खुर्चीवर घेऊन बसते.

एका सोमवारी नेटा चादरी वाळत घालत होती. कापणी झालेल्या शेतावरून वारा आला, गुरांच्या वाड्यांकडून, तपकिरी. चिमटा तिच्या तोंडातून खाली पडला. वाऱ्यात काहीतरी होतं. खूप लांब, खुंटांच्या रांगांतून पळत गेल्यासारखं, इवलंसं, खुदखुदणारं. ती ओळखत होती. तिच्याच अंगातून ते एकदा गेलं होतं, तळघरात, कोपरापर्यंत ओली असताना. क्षणभर जवळ आलं, दोरीखालून गेलं, आणि कुंपणापलीकडे पसरून गेलं.

त्यानंतर रोज सकाळी आब्राम बूट घालत असताना ती विचारते, "आज वारा कुठून आहे?"

"वाड्यांकडून. का? खिडक्या लाव. पोरीला बाहेर काढू नकोस."

"नाही काढत," नेटा म्हणते.

त्याचा ट्रक दिसेनासा होईपर्यंत ती खिडकीत उभी राहते. मग सुशाला शालीत गुंडाळते, कडेवर घेते आणि अंगणात दोरीपाशी जाते, जिथे गाळणी टांगायची बरोबर तिथे. धूळ उठलेली असते, डोळ्यांना झोंबते. सुशा खोकते. नेटाला तिच्या बरगड्यांतली शिट्टी स्वतःच्या हाडांत लागते, आणि ओठांकडे तिची सारखी नजर असते, निळे पडतायत का. एवढं झालं की आत जायचं, असं ती ठरवते. आणखी थोडं थांबते. आणखी थोडं.

"घे, बाळा," ती म्हणते, आणि पोरीचं तोंड वाऱ्याकडे वळवते.

सुशाचा खालचा ओठ जरा पुढे येतो. डावीकडे वळतो, उजवीकडे वळतो. मग ती चमचा आल्यासारखं तोंड उघडते.